चिपटेभर ज्वारी

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या व्यापाराचे जुने गाव. हंगामात कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग लागे, मोंढ्यात पाय ठेवायला जागा उरत नसे आणि हाती आलेला पैसा खर्च करण्यास दुकानेही भरपूर असत. तरीसुद्धा एक काळ असा होता की, तेथील शेतकरी कुटुंबाची वाण्याकडील यादी हाताच्या बोटांवर मोजता येई. मीठ, गूळ, चहाची पुडी, खोबऱ्याची वाटी, घासलेट आणि काड्यापेटी. सणावाराला थोडी साखर. ज्वारी, तूर, मूग, तीळ, मिरची हे सारे रानातून येई. ज्वारीच्या पिकातच करडईची तासे असत. तिचे तेल घाण्यावरून गाळून आणीत आणि पेंड बैलांपुढे पडे. पावसाळ्यात अंबाडीची भाजी, हिवाळ्यात कोवळ्या करडईची. भाजीसाठी बाजार गाठावा, ही गोष्ट घरच्या बायकांना कमीपणाची वाटे.

अशाच एका घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे राहत असत. वर्षाची ज्वारी अंगणातल्या पेवात साठविलेली असे. पेव उघडण्याचा दिवस मुलांच्या दृष्टीने मोठा. तोंडावरची माती काढून ते बराच वेळ उघडे ठेवीत. मग दोरीला कंदील बांधून आत सोडीत. कंदील विझला, तर आत विषारी हवा आहे असे समजून कोणीही उतरत नसे. तो तेवत राहिला, म्हणजे मुलगा खाली उतरे आणि आंबूस वासाची उबदार ज्वारी टोपल्यांतून वर येई. ती कणगीत पडली, की तिच्यावर आजीची सत्ता सुरू होई.

आजीचे माप ठरलेले होते. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे निजामाचे हाली नाणे गेले; १९५७ मध्ये नवे पैसे आले, पाठोपाठ किलोही आला. दुकानातील तराजू बदलला. आजीचे चिपटे मात्र बदलले नाही. वाण्याच्या वहीत या घराचे खाते होते. ते कापूस विकल्यावर चुकते होई. पण त्या खात्यावर मीठ चढे, गूळ चढे, धान्य कधीही चढत नसे. खाण्याची ज्वारी उधार आणली, की पुढच्या पिकावर आपला हक्क उरत नाही, असे तिचे मत होते.

१९७२ साली पावसाने पाठ फिरविली. खरीप करपले आणि रब्बीची पेरणी झालीच नाही. पेवाचा तळ लागला. मुलगा व सून खडी फोडण्याच्या सरकारी कामावर जाऊ लागली. कामावर सुकडी मिळे. स्वस्त धान्याच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिले, म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळे. लोक तिला मिलो म्हणत. तिच्या देशात ती जनावरांना घालतात, अशी चर्चा रांगेत चाले. रांग मात्र त्यामुळे मोडत नसे. त्या तांबड्या, चरबरीत भाकरीने अनेकांचे प्राण वाचविले, हे कोणी नाकारू नये.

घरात पांढरी ज्वारी नव्हती असे मात्र नाही. माळवदाच्या खोलीत, राख व लिंबाचा पाला घालून शेणामातीने तोंड लिंपलेले एक मडके होते. त्यात बियाणे होते.

"माय, मडकं उघडावं का?" एके दिवशी मुलाने विचारले.

"आणि पेरायला काय दगड नेतोस का रानात?" एवढेच ती म्हणाली. पुन्हा त्याने विषय काढला नाही.

त्याच उन्हाळ्यात धाकटी नात तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण ती पार मलूल झाली. मिलोची भाकर पुढे केली की ती मान फिरवी. "आजी, गिळंना," असे म्हणून डोळे मिटी. दोन दिवस आजी तिच्या उशाशी बसून होती. तिसऱ्या रात्री, सगळे निजल्यावर, तिने स्वतःच मडक्याची माती फोडली, चिपटेभर ज्वारी काढली आणि तोंड पुन्हा लिंपले. पहाटे जात्याची घरघर ऐकून सून उठली. चुलीवर कण्या रटरटत होत्या. कोणी कोणाला काही विचारले नाही. असे तीन वेळा घडले. मुलगी उठून बसली.

पुढच्या वर्षी पाऊस मनासारखा झाला. रब्बीची तिफण रानात गेली, सून चाड्यावर मूठ धरून चालू लागली. बांधाजवळ येताना बियाणे सरले आणि चार तासे मोकळी राहिली. शेजाऱ्याकडून ओंजळभर मागून आणतो, असे मुलगा म्हणाला. "राहू दे तेवढी," आजी म्हणाली.

या घराचा नातू आता साठीच्या पुढे आहे. रानात कापूस आणि सोयाबीन, घरात दोन्ही वेळा गव्हाची पोळी, तेल पिशवीतून येणारे. जुने ते सारे चांगलेच होते असे मानण्याचे कारण नाही. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या सुनेच्या हातांना विचारले, तर ते वेगळी साक्ष देतील. गंमत एवढीच, की गरिबाची म्हणून मागे पडलेली ज्वारी बाजारात आज पुष्कळदा गव्हाहून महाग असते. २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून जगभर पाळले गेले, परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे वाण दिले, आणि डॉक्टरांनी सांगितल्यामुळे नातवाच्या ताटातही भाकरी परतली.

ती ज्वारी आता तो विकत आणतो. दुकानातील देखणी पुडकी तो घेत नाही. पोत्यात हात घालून मूठ भरतो, फुंकर घालतो, एक दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि विचारतो, "कोणत्या गावची?" दुकानदाराला ते सांगता येत नाही. मग तो लागेल तेवढी मोजून घेतो. मुठीत उरलेले दाणे मात्र तो कधी खाली झटकीत नाही. एकेक करून परत पोत्यात सोडतो.