तटस्थ, पण कुणाच्या परवानगीने?

२०२३ च्या नोव्हेंबरात कामानिमित्त हेलसिंकीला ऑनसाईट होतो. साडेतीनला अंधार पडायचा, त्यामुळे वीकेंडला करायचं काय हा मोठाच प्रश्न. एका शनिवारी टीममधला फिनिश सहकारी म्हणाला, चल पोहायला. इतॅकेस्कुस भागात गेलो तर तलाव चक्क जमिनीखाली, खडक फोडून केलेला! म्हटलं, थंडीमुळे असेल. तर तो शांतपणे म्हणाला, "हे बॉम्ब शेल्टर आहे. वेळ आली की तलाव रिकामा करायचा, हजारो माणसं मावतात."

च्यायला! माझ्या डोक्यात तटस्थ देश म्हणजे चॉकलेट, बँका आणि 'आम्हाला तुमच्या भांडणात ओढू नका'. इतकी वर्षं तटस्थ राहिलेल्या देशाला हे कशाला लागतं?

मग त्याने त्याच्या आजीची गोष्ट सांगितली. ती वीपुरीची. फिनलंडचा सोव्हिएत युनियनशी १९३२ पासून अनाक्रमणाचा करार होता. तरी ३० नोव्हेंबर १९३९ ला हल्ला झालाच. शेवटी चार लाखांवर माणसं घरदार सोडून निघाली, त्यात ही पोरगी. वीपुरी आज रशियात आहे. पुढे १९४८ च्या करारानंतर फिनलंड तटस्थ म्हणवून घेऊ लागला खरा, पण प्रत्येक पाऊल मॉस्कोचा चेहरा बघून. "ती आमची निवड नव्हती रे, तडजोड होती," तो म्हणाला. म्हणून सक्तीची लष्करी सेवा आणि ही भुयारं कधी बंद केली नाहीत.

मला हे आमच्या भाषेत कळलं. प्रोटोकॉल एकाच बाजूने इम्प्लिमेंट करून चालत नाही, समोरच्यानेही पाळावा लागतो. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ मध्ये बड्या सत्तांनी लेखी दिली होती, १९१४ मध्ये जर्मन सैन्य त्यावरून चालत गेलं. स्वित्झर्लंड वाचला तो डोंगर, सैन्य आणि दोन्ही बाजूंना असलेली त्याची सोय यांमुळे. (त्या सोयीचा हिशोब फार स्वच्छ नाही, पण तो वेगळा विषय.)

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि रशियाला लागून १३०० किमीहून लांब सीमा असलेल्या फिनलंडने तडजोड मोडली. मे महिन्यात संसदेत नाटोच्या बाजूने १८८ मतं, विरोधात ८. ४ एप्रिल २०२३ ला सदस्य. आता रशिया चिडला, तर? "चिडेलच. पण आधी आम्ही काय केलं होतं?"

तोवर प्रश्न विचारणारा मी होतो. मग त्याने विचारलं, मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, तेव्हा तुम्ही तटस्थ का? मी जोरात सांगितलं की अलिप्तता म्हणजे तटस्थता नव्हे, आम्ही प्रत्येक वेळी आमचं हित बघून ठरवतो. शस्त्रं आहेत, तेल आहे, चीनची सीमा आहे.

"उद्या त्या सीमेवर काही झालं," तो टॉवेल पिळत म्हणाला, "आणि आम्ही आमचं हित बघून गप्प बसलो, तर?"

मी म्हटलं, आधी सॉनात जाऊ.