पोटातला साक्षीदार

मला सातवा लागला होता आणि आईनं घरात सकाळ-संध्याकाळ गर्भसंस्काराची सीडी सुरू केली होती. त्याच दिवसांत मी इयन मॅक्युअनची 'नटशेल' वाचायला घेतली. २०१६ साली आलेली ही कादंबरी लंडनमधल्या एका खुनाची; आणि ती सांगतो तो आईच्या पोटात उलटा लटकलेला, अजून न जन्मलेला मुलगा. त्याची आई ट्रूडी आणि तिचा दीर क्लॉड मिळून त्याच्या बापाचा, कवी जॉनचा, काटा काढायचं ठरवतात. म्हणजे 'हॅम्लेट'च, फक्त राजपुत्र जन्माला यायचाय.

खुनी कोण, हे सुरुवातीलाच कळतं. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण या साक्षीदाराला दिसत काहीच नाही. स्मूदीत विष कालवायचा बेत तो नुसता ऐकतो. आईची छाती धडधडली की ओळखायचं, काहीतरी बिनसलंय. तिनं वाइन घेतली की हाही तर्र, आणि वर तिच्या चवीवर मत देणार! मध्यरात्री कंटाळा आला की लाथ मारून तिला उठवतो, म्हणजे ती रेडिओ लावेल. इतकं शहाणं बाळ पटतं का? थोड्या वेळानं मला तो प्रश्नच पडेनासा झाला.

"एवढं काय वाचतेयस गं?"

"पोटातलं बाळ गोष्ट सांगतंय."

आई खूश. "म्हणजे अभिमन्यूच की!"

"हो, पण याची आई नवऱ्याला विष घालायचं बोलतेय."

"अगं बाई! मग मनातल्या मनात तरी वाच."

अभिमन्यू मात्र डोक्यातून जाईना. सुभद्रेला डुलकी लागली, ऐकणं अर्धवट राहिलं आणि तेच त्याच्या जिवावर बेतलं. याला सगळं ऐकू येतं आणि उपयोग शून्य. बापाला सावध करावं तर कसं? आई पकडली गेली तर आपलं बालपण तुरुंगात, ही धास्ती वेगळीच. तिचा राग येतो आणि तरी ती हवीच असते. तिच्याच रक्तावर तर जगायचं. नेहमीच्या रहस्यकथेतल्या डिटेक्टिव्हला ही अडचण नसते.

शेवटी तो त्याच्या हातात असलेली एकमेव गोष्ट करतो. कुठली, ते सांगत नाही. मी मात्र त्या रात्री नवऱ्याचा बँकवाल्याशी फोनवर आवाज चढला, तशी त्याला म्हटलं, "आधी गॅलरीत जा आणि मग काय भांडायचं ते भांड."