टाकीतलं पाणी

अब्बांच्या मारुती ८०० ची पेट्रोलची टाकी गंजून पाझरू लागली. लातूरहून भाईजानचा फोन, "वेल्डिंग मारून घे, नाहीतर भंगारात घाल." नांदेडचे आमचे मिस्त्रीचाचा ते ऐकूनच भडकले. "नक्को बेटा! रिकाम्या टाकीत बी वाफ ऱ्हाती. एक ठिणगी बस है."

खरंच आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामीच जास्त घातक.

चाचांनी टाकी उतरवून पालथी केली, तर तळाशी तांबडं पाणी. अब्बा गेल्यापासून गाडी अर्ध्या टाकीवर उभीच असते. वरच्या मोकळ्या जागेतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर थेंब होऊन बसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. ते उसापासूनही होतं. ऊस आपल्या मराठवाड्यातही कमी नाही. आणि २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं! पत्र्याच्या गंजाचं बिल एकट्या उसावर फाडता येणार नाही, पण हिशोब विचित्र आहे.

भंगारातली टाकी चाचांनी बोटाने चाचपून परत केली. नवी बसवली, सोबत फिल्टर, रबरी नळ्याही बदलल्या.

गाडी विकायचा विषय निघाला तेव्हा अम्मी गप्पच होती. आता दर जुम्म्याला नमाजनंतर गाडी तिच्या माहेरापर्यंत नेऊन आणायची, असा हुकूम आहे. टाकी फुल करून.