दगडाचें माहेर

अकीक या दगडाचें युरोपीय भाषांतील नांव एका नदीवरून पडलें आहे. सिसिली बेटांत अकातीस नांवाची नदी होती. तीवरून या दगडास नांव मिळालें, असें ग्रीक पंडित थिओफ्रास्टस यानें लिहून ठेविलें आहे. म्हणजे ज्याच्या नांवांतच गांव दडलें आहे, असा हा दगड. तथापि तोच एखाद्या घरच्या कपाटांत सुटा सांपडला, तर त्याचें माहेर ठरविणें किती कठीण, हें आमच्या मनीषनगरच्या घरानें गेल्या पावसाळ्यांत अनुभविलें.

मामंजींना दगड जमविण्याचा नाद होता, आणि नाद असूनही ते हिशेबी होते. प्रत्येक दगडाखालीं चिठ्ठी. चिठ्ठीवर गांव, तारीख, व बरोबर कोण होतें तेंही. त्यांच्या पश्चात् कपाट आवरतांना ऐंशीएक दगड निघाले. त्यांतील एकाचीच चिठ्ठी कसरीनें खाऊन टाकली होती, आणि नेमका तोच सर्वांत देखणा! मुठीएवढा, करडा-निळसर, एका अंगानें फुटलेला, व त्या फुटक्या अंगांत कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणें एकांत एक बसलेल्या पांढऱ्या रेघा.

सासूबाई पाहतांक्षणींच म्हणाल्या, "हा नर्मदेचा. होशंगाबादेस सेठाणी घाटावर स्नान झाल्यावर वाळूंतून मीच उचलून त्यांच्या हातीं दिला." धाकट्या भावोजींचें मत, हा खंबायतच्या बाजारचा. पुतण्याला शाळेच्या प्रदर्शनांत मांडावयाचा होता; त्यानें तर 'माहूरझरी' अशी नवी चिठ्ठी लिहूनही आणली. सासूबाई त्याला कांहीं बोलल्या नाहींत. मात्र दगड त्यांनीं आपल्या उशाशीं नेऊन ठेविला. चिठ्ठीवर बरोबरच्या माणसाचें नांव येत असे, हें घरांत सर्वांनाच ठाऊक होतें.

पुतण्याची निवड अगदींच पोरकट नव्हती. नागपूरच्या वायव्येस काटोल रस्त्याच्या बाजूला असलेल्या माहूरझरीस प्राचीन काळीं अकिकाचे मणी घडविण्याचा मोठा उद्योग होता. नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनीं १९७० ते १९७२ या काळांत तेथें उत्खनन केलें. परंतु मणी घडविणाऱ्यांच्या जागेवरील दगड बोलका असतो: शिस्तीनें काढलेले टवके, अर्धवट पाडलेलें भोंक, घडवितां घडवितां तडकलेला मणी. आमच्या दगडावर कारागिराच्या हाताची एकही खूण नव्हती. न घडविलेला दगडही तेथें पडलेला असूं शकेल, असें पुतण्या म्हणाला. असूं शकेल, पण तेवढ्यावर चिठ्ठी लिहावयाची, तर मामंजींच्या उरलेल्या चिठ्ठ्यांवर तरी कोणी कां विश्वास ठेवावा?

खंबायतचें निराळें. राजपिपळ्याकडील रतनपूरच्या खाणींतून निघालेले दगड तेथें भट्टींत भाजतात. उष्णतेनें आंतील लोहाचा अंश तांबडा होतो व दगडास तो सुप्रसिद्ध लाल रंग चढतो. आमचा दगड करडा. शिवाय बाजारचा दगड बहुधा घासून चकाकविलेला असतो, आणि हा तर जसा निसर्गानें टाकला तसाच. भावोजींनीं हट्ट धरला नाहीं. ते चहाला गेले.

राहिली नर्मदा. येथें मला दगडाची पाठ पाहावी लागली, कारण अकिकाचें जन्मस्थान पोटांतील रेघांवरून क्वचितच कळतें. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरांवर थर पसरून दख्खनचा काळा कातळ झाला. त्या लाव्ह्यांत वायूचे बुडबुडे राहिले, पुढें पाण्याबरोबर आलेली सिलिका त्या पोकळ्यांत थरांथरांनीं सांचली, तेच अकीक. सह्याद्रीपासून आमच्या सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत आणि उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यांतही हाच कातळ आहे. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. त्यांतील अत्यल्प मूलद्रव्यें मोजून उगम शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. हडप्पा येथील दगडांविषयीं रँडल लॉ यांनीं असा अभ्यास केला आहे. पण त्यास ताडून पाहण्यासाठीं ठिकठिकाणच्या खाणींचे नमुने लागतात. एका घरगुती दगडासाठीं तो खटाटोप कोण करणार?

पाठ मात्र फुकट वाचतां येते. नदींतून वाहत आलेला दगड गुळगुळीत होतो, आणि दुसऱ्या दगडांवर आपटून त्याच्या अंगावर नखाच्या खुणांसारख्या बारीक चंद्रकोरी उमटतात. आमच्या दगडाची पाठ खडबडीत, खळग्याखळग्यांची. तीवर हिरवट पापुद्रा, आणि दोन खळग्यांत काळा कातळ अजून चिकटलेला. पापुद्रा इतका नाजूक कीं नखानें निघे. असा दगड पुरांतून व वाळूंतून गडगडत आला असता, तर तो पापुद्रा उरलाच नसता. हा थेट कातळांतून किंवा मुरुमांतून निघालेला होता. कोणत्या गांवच्या, हें दगड सांगत नव्हता. नदीच्या वाळूंतला नव्हे, एवढें सांगत होता.

सासूबाईंस हें सांगावें कीं न सांगावें, याचा मीं दोन दिवस विचार केला. भावोजींचें म्हणणें, म्हातारपणीं एवढी एक आठवण त्यांच्या मनासारखी राहूं द्यावी. मला तें पटलें नाहीं. चाळीस वर्षें ज्यांनीं त्या चिठ्ठ्या पुसून पुन्हां जागच्या जागीं ठेवल्या, त्यांना लहान मुलासारखें समजविणें हा त्यांचाच अपमान होता. दुपारीं त्यांच्याजवळ बसून मीं दगड उलटा केला व सारें सांगितलें. त्यांनीं त्या खडबडीत पाठीवरून बराच वेळ आंगठा फिरविला.

"मीं दिला तो गुळगुळीत होता," त्या अखेर म्हणाल्या. "ओला होता, हातांतून निसटत होता. मग तो हा नव्हे. तो कोठें आहे?"

पुतण्यानें आपली चिठ्ठी फाडली. नव्या चिठ्ठीवर 'काळ्या कातळांतील, नदीचा नव्हे, गांव अज्ञात' एवढेंच आहे. आतां घरांत दुसऱ्या दगडाचा शोध चालूं आहे. माळ्यावरच्या दोन पेट्या झाल्या, तुळशीच्या कुंडींतले खडे धुवून पाहिले, आणि काल सासूबाईंनीं स्वतः देवघराचे खण बाहेर काढविले.