शेणाची आच, छपरावरची वीज

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली तालुक्याच्या किनारपट्टीलाही त्याने झोडपून काढलं. नारळ-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, तारा वाड्यांमधून लोंबत राहिल्या. लाइट यायला कित्येक आठवडे लागले. त्यात टाळेबंदी. रस्त्यांवर झाडं पडलेली, त्यामुळे सिलिंडरची गाडीही पोचेना.

आमच्या घरात चहा मात्र पहिल्या संध्याकाळीच झाला. गोठ्याची कौलं उडाली होती, पण गोबरगॅसचा घुमट जमिनीत. त्याला वारा लागलाच नाही. झाडाच्या फांदीखाली फुटलेली नळी बदलली आणि शेगडी पेटली.

आमची टाकी दीनबंधू पद्धतीची, 2 घनमीटरची. तिला रोज 50 किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी लागतं. गावठी गुरं लहान चणीची, म्हणून सहा जनावरं बांधून ठेवावी लागतात तेव्हा कुठे भागतं. मोटार बंद असल्याने विहिरीचं पाणी रहाटाने काढायचं, ते शेणात कालवायचं. सासूबाईंनी गोठा धुतल्याचं पाणीही वाया जाऊ दिलं नाही. पावसाचं पाणी कुंडीत शिरू नये म्हणून वर पत्रा टाकला, कारण शेणकाला पातळ झाला की गॅस बसतो. ज्योत फडफडायला लागली की नळीच्या सखल जागी साठलेलं पाणी काढून टाकायचं. एवढं केलं की दोन वेळचा स्वयंपाक बिनघोर होतो.

मुंबईच्या नातेवाइकांनी सुचवलं, याच गॅसवर जनरेटर चालवा. मला ते पटत नाही. लहान इंजिनात एक युनिट विजेसाठी जवळजवळ घनमीटरभर गॅस जातो, म्हणजे निम्मा स्वयंपाक गेला. शिवाय गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिनाचे भाग खातो. गॅस आहे तर त्याची आच घ्यावी. आंघोळीचं पाणी पडलेल्या नारळाच्या झावळ्यांवर, तांब्याच्या बंबात तापत होतंच.

उजेडासाठी छपरावर दोन लहान पॅनेलं आणि 150 अँपिअर-तासांची एक बॅटरी. जूनच्या ढगांत पॅनेलं उन्हाळ्याच्या मानाने फारच थोडं देतात. पण भागलं, कारण त्या विजेवर आम्ही काहीही तापवलं नाही. बादलीभर पाणी आंघोळीपुरतं गरम करायला अर्ध्या युनिटाहून जास्त वीज लागते. तेवढ्यात 9 वॉटचा दिवा दोन दिवस-रात्र सलग जळतो. मी हा हिशेब आता प्रत्येकाला सांगते. इन्व्हर्टर मोठा घ्यायचा की बॅटऱ्या वाढवायच्या, हा प्रश्न नंतरचा; आधी घरातली उष्णता विजेपासून तोडायला हवी. संध्याकाळी आमच्या पडवीत शेजारपाजारचे मोबाइल चार्जिंगला लागायचे. मुंबई-पुण्यातल्या मुलांना आपण सुखरूप आहोत हे कळवायचं, त्याहून मोलाचा उपयोग त्या विजेचा दुसरा नव्हता.

खालच्या आळीतले एक काका हताश होऊन म्हणाले, "वहिनी, आमच्या सगळ्या छपरावर पॅनेलं, आणि घरात काळोख!" त्यांची यंत्रणा ग्रिडला जोडलेली, बॅटरीशिवायची. तारेतली वीज गेली की तिचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो. तो सुरू राहिला तर छपरावरची वीज उलट तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. नियम योग्यच आहे. पण हे पॅनेल विकणाऱ्याने काकांना आधी सांगायला हवं होतं, याचा मला राग येतो. चक्रीवादळाच्या किनाऱ्यावर वीजबिल वाचवणारी आणि अडीअडचणीला वीज देणारी यंत्रणा यांतला फरक घेणाऱ्याला कळलाच पाहिजे. त्यांना ग्रिडपासून वेगळं होऊन बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर लागला असता. तो महाग, पण चार दिवे आणि पंख्यापुरती लहान वेगळी जोडणीही पुरते.

सिलिंडर आल्यापासून वाडीतल्या बऱ्याच टाक्या बंद पडल्या आहेत. घुमट शाबूत आहेत, आत वाळलेली मळी साचली आहे. गुरं कमी झाली, ही खरी अडचण. तरी दोन-तीन घरांनी शेण एकत्र करून एक टाकी चालवावी, असं मी काकांच्या घरी बोलले आहे. पावसाळ्यानंतर त्यांची टाकी उपसायची ठरली. झाकण उघडून भरपूर वारा खेळू द्यायचा, आणि तोवर कुणी आत उतरायचं नाही.