निळ्या ओसरीचे भूत

आपल्याकडे भुताच्या गोष्टीत हसू येते ते बहुधा भूत नव्हतेच असे उघड झाल्यावर. रात्री पिंपळाखाली दिसलेली पांढरी आकृती सकाळी कुणाचे तरी वाळत घातलेले धोतर ठरते आणि गाव सुटकेने हसते. अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांत मात्र एक कथाप्रकार असा रुजला आहे की, त्यातले भूत खरोखरच असते, शेवटच्या पानापर्यंत असते, आणि तरीही हसवते. गेली काही वर्षे मी ही पुस्तके सवडीने वाचते आहे. त्यांना कुणी अभिजात म्हणणार नाही. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात त्यांना जागा मिळणे कठीण, आणि मिळू नये असेच मला वाटते; तिथे गेल्यावर त्यांचे हसू आटेल. परंतु गंभीर साहित्याने ज्या एका दुःखाकडे पुरेसे पाहिलेले नाही, त्याची व्यवस्था या हलक्याफुलक्या गोष्टींनी आपल्या परीने लावली आहे, असे माझे मत होत चालले आहे.

साचा ठरलेला असतो. नायिका पंचेचाळिशीच्या आसपासची. वीस-बावीस वर्षांच्या संसारानंतर नवरा कुणा तरुण सहकारिणीसाठी घर सोडून गेलेला, आणि उरलेसुरले वकिलांच्या बिलांत गेलेले. अशा वेळी विस्मृतीत गेलेली एखादी आत्या मरते आणि जॉर्जिया, अलाबामा वा साउथ कॅरोलिनातील आडगावचे एक जुने घर भाचीच्या नावावर करून जाते. घराचे छप्पर गळते, ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉसच्या राखाडी जटा लोंबतात, आणि स्वयंपाकघरात भूत असते. हे भूत सामान्यतः स्त्रीचे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे आणि अत्यंत आग्रही मतांचे. मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापवणे तिला कुळाच्या अब्रूला बट्टा वाटतो. तिसऱ्या प्रकरणात परसात एक ताजे प्रेत सापडते, आणि गावात नवखी अशी नायिका एकटीच असल्यामुळे संशय तिच्यावर येतो. तपास करणारा शेरिफ विधुर असतो. (हा योगायोग इतक्या पुस्तकांत घडतो की, दक्षिणेतील शेरिफांच्या पत्नींच्या आयुर्मानाची काळजी वाटावी.) पुढे काय होते हे वाचकाला ठाऊक असते, नवऱ्याने काय केले हेही ठाऊक असते. उत्सुकता उरते ती एवढीच की, मेलेली बाई जिवंत बाईला काय सांगते.

यातला विनोद प्रसंगांपेक्षा बोलीत अधिक आहे. दक्षिणेतल्या बायका कुणाला थेट मूर्ख म्हणत नाहीत. ‘देव तुझ्या हृदयाचे भले करो’ म्हणतात. शब्दांत आशीर्वाद, सुरात निकाल. ‘भोळी आहे हो बिचारी’ हे वाक्य आपल्याकडे ज्या सुरात उच्चारले जाते तो सूर ज्याने ऐकला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सभ्यतेच्या या जाळीआडून बोलण्याची सवय जिवंतपणी लागलेली बाई भूत झाल्यावर मोकळी होते. आता तिला अब्रू सांभाळायची नसते. हयातभर तिने ज्यांच्या हृदयाचे भले चिंतले, त्यांच्याविषयी तिला खरोखर काय वाटत होते ते ती मृत्यूनंतर बोलते, आणि तिथे हशा पिकतो.

हसऱ्या भुताची ही परंपरा कादंबरीकारांनी शून्यातून काढलेली नाही. अलाबामातील सेल्मा या गावी राहणाऱ्या कॅथरिन टकर विंडहॅम या पत्रकार लेखिकेने आपल्या घरात वावरणाऱ्या एका अदृश्य पाहुण्याचे नाव जेफ्री असे ठेवले होते. पावलांचे आवाज, आपोआप मिटणारी दारे, यापलीकडे त्याने कुणाला इजा केली नाही. मार्गारेट गिलिस फिग यांच्यासह विंडहॅमनी १९६९ साली अलाबामातील तेरा भुतांच्या कथांचे पुस्तक काढले आणि त्याच्या शीर्षकात जेफ्रीला मानाने चौदावी जागा दिली. विंडहॅम १९५६ मध्ये विधवा झाल्या होत्या. तीन मुले त्यांनी एकटीने वाढवली. २०११ मध्ये त्या वारल्या. घरात पुरुष नाही, पावलांचा आवाज मात्र आहे, ही परिस्थिती किती तऱ्हांनी सांगता आली असती! विंडहॅमनी ती थट्टेने सांगितली, आणि भुताला घरच्या माणसासारखे नाव दिले. नंतरच्या लेखिकांनी विधवेच्या जागी घटस्फोटिता आणली. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे.

विधवेच्या दुःखाला समाजाने विधी नेमून दिलेला असतो, भले तो क्रूर का असेना. घटस्फोटितेच्या दुःखाला विधी नाही. दक्षिणेत कुणी गेले की शेजारणी झाकलेली भांडी घेऊन येतात. नवरा दुसरीबरोबर गेला म्हणून कुणी भांडे आणत नाही. माझी एक भाची अनेक वर्षे चार्ल्स्टनला राहते. तिचा संसार मोडला, त्यानंतर काही महिन्यांनी ती मला फोनवर म्हणाली, ‘‘मावशी, समोरच्या आजोबांचं मांजर मेलं, तर गल्लीतल्या चौघीजणी जेवण घेऊन गेल्या. मी दोन आठवडे ब्रेड खाल्ला. माझं मांजर तरी असायला हवं होतं गं.’’ ती हसत होती. मीही हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला दुसरे काही सुचले नाही.

साउथ कॅरोलिना राज्यात एकमेकांवर दोषारोप न करता घटस्फोट हवा असेल, तर नवरा-बायकोला सलग एक वर्ष वेगळे राहावे लागते. एका छपराखाली राहून मने दुरावलेली चालत नाहीत. छपरेही दोन लागतात. भाचीने हे वर्ष भाड्याच्या एका जुन्या घरात काढले. त्या बारा महिन्यांत ती विवाहित होती का? कायद्याने होती. तिला कुणी तसे विचारले तर काय सांगावे हे तिला कळत नसे. आपल्या धर्मशास्त्रात या अवस्थेसाठी एक नेमका शब्द आहे, फक्त तो मृतांसाठी राखून ठेवलेला आहे. मेलेला माणूस लगेच पितर होत नाही; सपिंडीकरण होईपर्यंत तो ‘प्रेत’ असतो, इथला नाही आणि तिथलाही नाही. हा विधी आता बाराव्या दिवशी उरकतात, पण त्याचा मूळ काळ वर्षाच्या अखेरीचा. कॅरोलिनाच्या विधिमंडळाने गरुडपुराण वाचले असण्याचा संभव नाही. तरीही हिशेब तोच निघाला: एक वर्ष.

विनोदी भूतकथेत घटस्फोटिता आणि भूत यांची गट्टी का जमते, याचे उत्तर मला इथे सापडते. दोघी एकाच अवस्थेत आहेत. एकीचा देह सुटला आहे पण घर सुटलेले नाही. दुसरीचे घर सुटले आहे आणि नवे अजून आपले झालेले नाही.

यात साउथ कॅरोलिनाचा इतिहास आणखी एक अर्थ भरतो. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८७२ साली, या राज्याने घटस्फोटाचा कायदा केला आणि १८७८ मध्ये तो रद्द केला. १८९५ च्या राज्यघटनेने तर विवाहबंधनातून मुक्तता मिळणार नाही असे कलमच घातले. ते बदलले १९४९ मध्ये, अमेरिकेतील सर्व राज्यांच्या शेवटी. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९३१ साली, मुंबई इलाख्यात १९४७ साली हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला होता. म्हणजे चार्ल्स्टनच्या गोऱ्या खानदानी बाईला पुण्याच्या बाईच्या दोन वर्षे मागून दार उघडले. याच राज्यात १७९५ पासून असाही एक कायदा होता की, विवाहित पुरुषाने आपल्या रखेलीला आणि तिच्यापासून झालेल्या मुलांना मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये. विवाह अभंग, आणि त्याच्या भंगाचे अंकगणित मात्र ग्रंथात नोंदलेले! विनोदी लेखकाने याहून अधिक काय जुळवावे?

तेव्हा स्वयंपाकघरातील ते भूत १८९० च्या सुमारास मेलेले असते, यामागे लेस आणि मेणबत्त्यांची हौस आहेच, पण तेवढेच नाही. ती अशी बाई आहे जिला सुटका मागण्याची सोयच नव्हती. तिच्या नवऱ्याने काय केले, ती जिन्यावरून पडली की ढकलली गेली, याची चौकशी तेव्हा कुणी केली नाही. नायिका परसातल्या ताज्या खुनाचा तपास करता करता या जुन्या मरणापाशी पोचते. इथे रहस्यकथेचा घाट कामी येतो. दोषारोपाविना मिळणारा घटस्फोट ही मोठी सोय आहे, यात शंका नाही; परंतु त्यात ‘काय झाले होते?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. रहस्यकथा तोच प्रश्न विचारते, वेळ आणि पुराव्यांसह, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहते. आपल्या संसाराचे शवविच्छेदन जिला करू दिले गेले नाही, ती दुसरीच्या मरणाचे करते.

मराठीत घटस्फोटाला काडीमोड हा जुना शब्द आहे. ज्या जातींत ही रूढी होती तिथे काडी मोडून नाते संपल्याचे चारचौघांत जाहीर होई, आणि पुढे पाट लावता येई. पांढरपेशा वर्गाने ती रूढी हलकी मानली आणि शतकानंतर कायद्याने तीच गोष्ट मिळवली, मात्र काडीशिवाय. मोडल्याचा तो बारीक आवाज, साक्षीला उभे असलेले पंच, हे गेले, मुद्रांक आला. या कादंबऱ्यांत भूत पंचाचे काम करते.

आता एक हरकत, जी घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. दक्षिणेतील अनेक जुन्या घरांच्या ओसरीचे छत फिकट निळे रंगवलेले असते. भाचीच्या भाड्याच्या घराचेही होते. घरमालकिणीने कारण सांगितले गांधीलमाश्यांचे. खरे कारण किनारपट्टीवरील गुल्ला गीची समाजाच्या श्रद्धेत सांगितले जाते: पिशाचाला पाणी ओलांडता येत नाही, आणि निळे छत त्याला पाण्यासारखे दिसते. झाडाच्या फांद्यांना निळ्या बाटल्या अडकवून त्यांत पिशाच पकडण्याची चालही याच लोकांच्या पूर्वजांनी आफ्रिकेतून आणली. युडोरा वेल्टी यांच्या ‘लिव्ही’ या कथेत म्हाताऱ्या नवऱ्याने घराभोवती अशी झाडे उभी केली आहेत, आणि तो मेल्यावर तरुण बायको वसंतात बाहेर पडते. चार्ल्स्टनच्या परिसरात एलायझा लुकस हिने १७४० नंतरच्या दशकात निळीची लागवड यशस्वी केली. हौदांत राबले ते गुलाम. त्या निळीच्या इंग्रजी नावात हिंदुस्थान दडलेला आहे, हे जाता जाता.

गुलामांच्या विवाहाला कायदा ओळखत नव्हता. नवरा एका मळ्याला विकला जाई, बायको दुसऱ्या. तो घटस्फोट कुणी मागितलेला नव्हता. न्यू ऑर्लिन्सच्या एका नियतकालिकात कित्येक वर्षे ताटातूट झालेल्या आप्तांना शोधणाऱ्या जाहिराती येत राहिल्या. निळा रंग ज्यांचा, त्यांचे भूत मात्र या विनोदी कादंबऱ्यांतील स्वयंपाकघरात क्वचितच दिसते. ते यायला टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (१९८७) लागली, आणि तिथे हसणे शक्य नव्हते. हे या कथाप्रकाराचे मोठे न्यून आहे. अलीकडे काही लेखिका घराच्या कागदपत्रांत शोध घेणाऱ्या नायिकेला गुलामांच्या नोंदवहीपर्यंत नेतात. तिथे पोचल्यावर त्यांचा विनोद चाचपडतो. तो चाचपडावा हेच प्रामाणिक आहे.

इतके असूनही मी ही पुस्तके वाचते, आणि भाचीला विचारते की नवे काय आले. पहिले तिनेच पाठवले होते, त्या वेगळेपणाच्या वर्षात. पानांच्या कडेला तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. शेरिफच्या प्रत्येक प्रवेशाला एक छोटे उद्गारचिन्ह आहे. घटस्फोटाचा कागद मिळाला त्या दिवशी तिने गल्लीतल्या त्या चौघींना स्वतःच जेवायला बोलावले, साबुदाण्याची खिचडी केली, आणि त्यांनी ती कसल्याशा पुडिंगच्या समजुतीने साखर घालून खाल्ली.

या कादंबऱ्यांच्या शेवटाकडे पाहताना मला एक गोष्ट फार आवडते. खुनी सापडतो, जुन्या मरणाचा उलगडा होतो, भुताला आता जायला हरकत नसते. पण ते जात नाही. मालिकेचा पुढचा भाग यायचा असतो, हे व्यावहारिक कारण आहेच. प्रकाशकाच्या कराराने मोक्ष लांबलेली ही जगातील एकमेव पिशाच्चजात असावी. शेरिफ मागणी घालतो. नायिका त्याला नाही म्हणत नाही आणि हो म्हणत नाही. रविवारी जेवायला ये, म्हणते. मग ती टेबलावर तीन ताटे मांडते, आणि तिसरे कुणासाठी हे शेरिफ विचारत नाही.