समानार्थी नसलेला शब्द

गेल्या महिन्यात बाईंनी वर्गात ‘दुःखी’ या शब्दाचे समानार्थी शब्द लिहायला सांगितले. आम्ही उदास, खिन्न, कष्टी असे शब्द लिहिले. पण माझ्या दादाला जे झाले होते, त्याला यातला एकही शब्द पुरत नाही. म्हणून हा लेख. दादाला विचारूनच लिहिला आहे.

२०२२ साली सांगलीला माझे आजोबा वारले. आईला वेळेवर पोहोचता आले नाही. ती पुष्कळ दिवस रडत होती. भाजी चिरताना मध्येच थांबायची. पण मावशीचा फोन आला की दोघी आजोबांच्या गमती आठवून हसायच्या आणि मग परत डोळे पुसायच्या.

पुढच्या हिवाळ्यात दादा बदलला. घरात काहीच वाईट घडले नव्हते. तो रडतही नव्हता. पण तबल्यावरची खोळ त्याने महिनाभर काढली नाही. पहाटे तीनला जागा असायचा. आवडीची साबुदाण्याची खिचडीसुद्धा दोन घास खाऊन सोडायचा. विचारले तर म्हणायचा, “काही नाही. मी कशाच्याच कामाचा नाही.”

बाबा म्हणाले, “तुला कमी कशाची आहे?” आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी म्हणाले, “ऊठ, बाहेर जा, बरं वाटेल.” याची मला अजून लाज वाटते.

शेवटी आई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद दिला. सगळे प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल होते : कशात मन लागते का, झोप, भूक, थकवा. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल होता. दादाने ‘काही दिवस’ अशी खूण केली. आईने ती पाहिली.

डॉक्टर घाबरले नाहीत. त्यांनी दादाला त्याबद्दल सरळ विचारले. मग आईला समजावले, की दुःखात माणसाला मधूनमधून हसू येते, जेवण गोड लागते. नैराश्याच्या आजारात दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, मन उदास असते किंवा कशातच गोडी वाटत नाही. झोप, भूक बिघडते, रोजची कामे होत नाहीत. त्याला कारण असेलच असे नाही, आणि तो आळस नव्हे.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. दर आठवड्याला तो समुपदेशकांकडेही जायचा. एप्रिलमधल्या एका रविवारी खालून तबल्याचा आवाज आला. तबला उतरला होता. आई लाटणे हातात घेऊन जिन्यातच उभी राहिली.

मित्रांनो, घरात कोणी असे गप्प झाले तर “ऊठ” म्हणू नका. जवळ बसा, विचारा आणि मोठ्यांना सांगा. मरणाचा विचार येत असेल तर इथे अमेरिकेत ९८८ या नंबरवर रात्रंदिवस फोन किंवा मेसेज करता येतो.

बाई, तो शब्द ‘नैराश्य’. तो ‘दुःखी’च्या यादीत लिहू नये, असे मला वाटते.

— एक विद्यार्थिनी, मोठा गट